मोटारीचा कोड

मोटार जळाली ती रविवारी, सकाळी अकराच्या आगेमागे. नेमकी वेळ कोणालाच सांगता आली नाही, कारण तेव्हा विहिरीपाशी कोणी नव्हतं. घरातली तिघं वरच्या पट्ट्यात टोमॅटोची रोपं लावत होती, आबा डोळे दाखवायला शहरात गेले होते, आणि घरी एकटी खार होती.

खार म्हणजे थोरल्या सुनेची मुलगी, सातवीतली. एका जागी टिकायची नाही आणि हाती लागेल ते खोलून बघायची, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं.

दोन वाजता धाकटी सून शेवटच्या ओळीत होती. चोवीसशे रोपांपैकी साठ-सत्तर राहिली होती. कंबर अशी धरली होती की उभं राहायचं म्हटलं तरी आधी गुडघ्यांवर हात टेकावे लागत. तेव्हा भाऊजी, म्हणजे तिचे थोरले दीर, खाली विहिरीकडे गेले. मोटार आबांनी सकाळी साडेनऊला घरात बसून फोनवरून चालू केली होती. पाणी खालच्या चाऱ्याच्या पट्ट्याला सोडलेलं होतं. ते बंद झालंय का, एवढंच भाऊजींना बघायचं होतं.

ते परत आले ते हात मागे बांधून, सावकाश.

"बंद आहे ना?" थोरलीने विचारलं.

"बंद आहे," भाऊजी म्हणाले. "कायमची."

तिघंही खाली गेली. जळलेल्या वॉर्निशचा वास वीस पावलांवरूनच नाकात शिरला. धाकटीने मोटारीच्या अंगाला हात लावला. अजून ऊन लागत होतं. विहिरीत डोकावली, तर तळाला हातभर पाणी आणि त्याच्या वर लटकणारं पाइपाचं तोंड. काय झालं ते सांगायला मेकॅनिक नको होता. यंदा पाऊस अर्ध्यावर सोडून गेला होता. एरवी सहा तास चालणारी विहीर आता सव्वा तासात तळ दाखवत होती. पाणी संपलं, पंप कोरडा फिरला, आतलं सील तापून वितळलं, पंप अडकला, आणि अडकलेल्या मोटारीची तार जळून गेली.

"आबांनी सव्वा तासाने बंद करायला हवी होती," धाकटी म्हणाली.

"बसमधून करणार होते. फोन आहेच की खिशात, म्हणाले," थोरली म्हणाली.

मोटारीच्या खांबावर एक डबा होता. त्यात सिमकार्ड. त्याला कुठूनही फोन लावायचा, चार आकडी कोड दाबायचा, मग एक दाबला की चालू, दोन दाबला की बंद. हा डबा बसवल्यापासून आबांचं विहिरीवर येणं कमी झालं होतं आणि रुबाब वाढला होता. दुसऱ्या कोणाला ते मोटारीला हात लावू देत नसत.

आबा चारच्या बसने आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे डोळे लाल आणि ओले. चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता त्यांनी हाक मारली. "कुठे आहे ती?"

खार आतून आली. हाताची घडी घालून उभी राहिली. शाळेत पाढे म्हणायला उभी राहायची तशी.

"सकाळी काय झालं ते सांग सगळ्यांना."

"एक फोन आला," खार म्हणाली. "नंबर ओळखीचा नव्हता. तो माणूस म्हणाला, मी आजोबा बोलतोय."

"तो माणूस," आबा म्हणाले.

"मी विचारलं, कोणाचे आजोबा? तर म्हणाला, तुझे, आणखी कोणाचे. पण तुम्ही कधी स्वतःला आजोबा म्हणता का? आबा म्हणता."

"पुढे."

"म्हणाला, मोटारीचा कोड सांग. मी म्हटलं, सांगणार नाही. तर म्हणाला, लवकर सांग, दुसऱ्याचा फोन आहे. तेव्हा मला खात्रीच पटली."

"कसली खात्री?"

"फसवणारा आहे याची. घाई करत होता ना."

भाऊजींनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"आणि माझा आवाज? इतक्या वर्षांत आवाज कळला नाही तुला?"

"कळला. पण काकू म्हणाली होती, आवाजाचीसुद्धा नक्कल करता येते आता."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या हातांना अजून माती होती. ती तिने पदराला पुसली.

"दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा?"

"दुसऱ्यांदा तुम्ही शिव्या दिल्या," खार म्हणाली. "मग मी नंबर ब्लॉक केला."

झालं होतं असं की आबांच्या फोनची बॅटरी वाटेतच संपली. कोडाची चिठ्ठी सकाळच्या सदऱ्यात राहिली आणि सदरा खुंटीवर. कोड नवा होता, पाठ झाला नव्हता. आधी तो एक-दोन-तीन-चार असा होता, कारखान्यातून आला तसाच. पंधरा दिवसांपूर्वी शाळेत शिकून आल्यावर खारीनेच आबांच्या मागे लागून तो बदलला होता. सोमवारी वर्गात ते सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवायला धाकटीनेच सांगितलं होतं. ती शाळेत अर्धा दिवस कॉम्प्युटर शिकवायची, आणि आठवड्यातून एक तास, शनिवारचा, इंटरनेट जपून कसं वापरायचं याचा घ्यायची.

"दवाखान्यातल्या एका पोराचा फोन मागून घेतला मी," आबा म्हणाले. "रस्त्यात उभा. माझी नात मला विचारतेय तुम्ही कोण. आणि तो पोरगा शेजारी उभा राहून हसतोय. वर मला म्हणतो, बाबा, नक्की तुमचंच घर आहे ना?"

आबांनी डोळ्यांना रुमाल लावला. औषधाचं पाणी होतं.

"नवी तार भरून मोटार बांधून यायला शुक्रवार उजाडेल," भाऊजी म्हणाले. "विचारलंय मी."

"तोवर रोपांचं काय? काल-आज लावलेली रोपं. पाच दिवस कोरडी राहतील का?" आबा धाकटीकडे वळले. "तुझी शाळा आहे, तुझं शिक्षण आहे, मी कधी मध्ये आलो नाही. पण ही रोपं गेली तर सगळं पहिल्यापासून करायला लागेल. वाफे, लावण, सगळं. मग घरात पूर्ण दिवसाचे हात लागतील. दोन्ही होणार नाही. समजलं?"

"समजलं," धाकटी म्हणाली.

तिचा नवरा ट्रकवर होता, आठ-आठ दिवस बाहेर. रात्री त्याचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "मोटार जळाली." तो म्हणाला, "आणि?" ती म्हणाली, "आणि काही नाही. हळू चालव."

सोमवारी पहाटे पाणी वाहायला सुरुवात झाली. धाकटीने कागदावर हिशेब मांडला होता. एका रोपाला अर्धा लिटर, रोज अर्धी रोपं, एक दिवसाआड. म्हणजे रोज सहाशे लिटर. वीस लिटरचे तीस कॅन. विहिरीतला झरा तेवढं देत होता. विहिरीला जुनी कप्पी होती, तिला दोर लावला. भाऊजी आणि थोरली बादली ओढणार, धाकटी आणि खार हातगाडीवर कॅन घालून चढावरून वरच्या पट्ट्यात नेणार. गाडीवर चारच्या वर कॅन मावत नव्हते. आठ फेऱ्या. चार शाळेआधी, चार शाळेनंतर.

पहिल्या दिवशी दोराने हात सोलले ते थोरलीचे. दुसऱ्या दिवशी तिने हाताला चिंध्या गुंडाळल्या आणि मुलीशी बोलणं बंद केलं. रागावली नव्हती. बोलायला दम उरत नव्हता. आबा वर, रोपांपाशी. तांब्या घेऊन वाकायचे, बुंध्याशी पाणी ओतायचे, थांबायचे, पुढच्याकडे जायचे. डोळ्यांमुळे डॉक्टरने वाकायला मनाई केली होती. हे कोणी त्यांना सांगायला गेलं नाही आणि त्यांनीही कोणाला आठवण करून दिली नाही.

चढाच्या मध्यावर शेजारणीचं घर होतं. ती दारात धान्य निवडत बसायची. गाडी आली की सूप थांबायचं.

"काय गं मास्तरीण, मशीन बंद पडलं का?"

"हो, काकी."

"आमचा पण कालपासून मला त्याच्या फोनचं कुलूप सांगत नाही. आईला सांगायचं नाही म्हणे, बाईंनी शिकवलंय. मी म्हटलं, उद्या जेवण वाढ म्हणशील तेव्हा मीपण विचारीन, तू कोण?"

धाकटीने जोर लावून गाडी पुढे ढकलली. मागून सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

शाळेत मंगळवारी तिने खडू धरला तर बोटं मिटेनात. दोराचे नव्हते, गाडीच्या दांड्याचे फोड होते. फळ्यावर अक्षर वाकडं आलं. मागच्या बाकावरून कोणी तरी जाड आवाज काढून म्हणालं, "मी आजोबा बोलतोय." वर्गात हसू फुटलं. खार पुढच्या बाकावर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण कान लाल झाले.

मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त तक्रार नको असायची, कोणाचीही, कशाचीही.

"तीन पालक येऊन गेले," ते म्हणाले. "मुलं घरात काही सांगत नाहीत म्हणे. मी काय म्हणतो, भिंतीवर एक छान तक्ता लावू. सूचना लिहू. मुलं येता-जाता वाचतील. तासाची गरजच काय?"

"तक्त्यावर काय लिहू, सर?"

"जे शिकवता तेच."

"जे शिकवलं त्यातच काही तरी राहिलंय," धाकटी म्हणाली. "काय राहिलं ते मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत तक्ता नको."

हेडसरांनी चष्मा काढला. "शनिवारी तुमच्या सासऱ्यांना बोलावलंय मी. वडीलधारे आहेत, पालकांच्या वतीने ते बोलतील. मग ठरवू."

"आमच्या आबांना?"

"मोटार त्यांचीच जळाली ना."

त्या संध्याकाळी सहाव्या फेरीला गाडीचं चाक दगडाला अडलं. खारीने मागून खांदा लावला होता. दोघी तशाच थांबल्या, गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे पाय रोवून.

"काकू, माझं चुकलं का?"

"नाही."

"मग आपण पाणी का वाहतोय?"

कॉलेजात असताना प्रयोगाचं उत्तर चुकलं की सर म्हणायचे, शेवटाकडे बघू नका, पहिल्या पायरीपासून या. तिने तेच केलं.

"मोटार चालू आहे हे तुला माहीत होतं?"

"हो. आबांनी माझ्यासमोरच केली."

"कोड पाठ होता?"

"मीच तर ठेवला."

"मग तू का नाही बंद केलीस?"

खारीने खांदा बदलला. गाडीचा भार दोघींच्या खांद्यांवर होता.

"मला कोणी म्हणालंच नाही, बंद कर म्हणून," ती म्हणाली. "ते कोड मागत होते. आणि त्यांनी बजावलं होतं, कोड बदललास तेवढं पुरे, मोटारीला हात लावायचा नाही."

"त्यांनी तुला सांगितलं असतं, बाळा मोटार बंद कर, तर?"

"तर केली असती. त्यात काय? चोर कशाला सांगेल मोटार बंद करा म्हणून?"

दोघींनी एकदम जोर लावला आणि चाक दगडावरून चढलं. पुढच्या दोन फेऱ्या धाकटी शनिवारचा तास आठवत राहिली. त्या शाळेत सगळं एका सुरात म्हणून घ्यायची पद्धत होती. पाढे, राजधान्या, नद्या. तिनेही तेच केलं होतं. कोड कोणाला सांगायचा? कोणालाच नाही. अनोळखी नंबर आला तर? बोलायचं नाही. घाई कोण करतो? फसवणारा. मुलं भिंती हादरतील असं म्हणायची आणि तिला बरं वाटायचं. तीन वाक्यं, आणि तिन्ही दार लावून घेणारी. दार लावल्यावर आत बसून काय करायचं, याचं एकही वाक्य तिने दिलं नव्हतं.

गुरुवारी मेकॅनिक स्वतः विहिरीवर आला. म्हणाला, बांधून दिलेली मोटार पुन्हा पंधरा दिवसांत माझ्याकडे यायला नको, आधी जागा बघतो. भाऊजी बादली ओढत होते, धाकटी कॅन भरत होती. मेकॅनिकने खांबावरचा डबा उघडला, आत बॅटरी मारली आणि तोंडाने च्च केलं.

"ही कोणी काढली?"

चिकटपट्टीने गुंडाळलेलं तारेचं टोक त्याने बोटावर धरलं. "विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारी तार आहे ही. ही जागेवर असती तर तुमची मोटार आज फिरत असती. कोणी फोन करो नाही तर न करो."

भाऊजींनी बादली कठड्यावर ठेवली. पाणी डचमळून त्यांच्या पायांवर सांडलं. "सारखी बंद पाडायची," ते म्हणाले. "पाणी हातभर असलं तरी बंद. वैताग होता."

"सेन्सर वर बांधलाय तुम्ही. खाली सरकवायचा होता. तार कापायची नव्हती."

मेकॅनिकने तार जोडली, सेन्सर खाली सोडला आणि उद्या मोटार घेऊन येतो म्हणून गेला. भाऊजी कठड्यावर बसले.

"तार मी कापली," ते म्हणाले. "पण कापायला आबांनी सांगितलं होतं. गेल्या महिन्यात."

"म्हणजे आबांना माहीत आहे?"

"रविवारपासून माहीत आहे. मोटार बघायला आले तेव्हा आधी डबाच उघडला त्यांनी. मग मिटला. मला म्हणाले, चल."

धाकटीने कॅनचं झाकण घट्ट लावलं. मग पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. चार दिवस खारीने मान खाली घालून गाडी ढकलली होती. वर्गात ऐकून घेतलं होतं. शेजारणीच्या दारावरून जाताना दुसऱ्या अंगाला जायची.

"तुम्ही सांगा तिला," ती म्हणाली. "तुमची मुलगी आहे."

"काय सांगू? आबांची चूक होती म्हणून?"

"तार कापली होती म्हणून सांगा. एवढंच."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भाऊजी ताटातलं ताटात फिरवत होते. शेवटी मान वर न करता म्हणाले, "खारे, मेकॅनिक म्हणाला पाणी संपलं की मोटार बंद करायची एक तार असते. ती मी कापून ठेवली होती. ती असती तर मोटार जळाली नसती."

खारीने आईकडे पाहिलं, मग काकूकडे. "आत्ता जोडली?"

"जोडली."

"बरं," खार म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला. आबा जेवत राहिले. पण त्यांनी दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही.

शुक्रवारी मोटार आली आणि चालली. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. ते वरच्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत आबा ओळीओळीतून फिरले. प्रत्येक मेलेलं रोप त्यांनी उपटून बांधावर ठेवलं. धाकटी मागे होती. बांधावरची जुडी वाढत गेली तशी ती एकेक रोप मोजत गेली.

"तीनशे दहा," आबा म्हणाले.

"दोन हजार नव्वद आहेत," धाकटी म्हणाली.

आबांनी एका रोपाची पानं बोटात धरून बघितली. पानं ताठ होती. "नांग्या भरायला रोपवाटिकेतून रोपं आणावी लागतील," ते म्हणाले. मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची म्हणजे दोन दिवसांचं काम. त्याला पूर्ण दिवसाचे हात लागतात की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. "उद्या शाळेत यायचंय मला. हेडसरांचा निरोप आहे," आबा म्हणाले.

शनिवारी आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. हेडसरांनी त्यांना वर्गात खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. "आधी तास होऊ दे. मग तुम्ही दोन शब्द बोला."

धाकटीने त्या दिवशी एका सुरात काही म्हणून घेतलं नाही. तिने कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. एका मुलाला किंवा मुलीला कपाटामागे उभं करायचं, तिथून फोन करायचा. दुसऱ्याने वर्गासमोर उभं राहून फोन घ्यायचा. चेहरा दिसणार नाही, आवाज तेवढा.

"कोड मागितला तर द्यायचा नाही, ते तसंच," ती म्हणाली. "पण फोन ठेवण्याआधी एक विचारायचं. तुमचं काम काय आहे? काम खरं असेल आणि तुम्हाला करता येत असेल तर ते तुम्ही करायचं. कोड तुमच्यापाशीच राहील. काम कळलं नाही तर फोन ठेवायचा आणि आपल्याला माहीत असलेल्या नंबरवर आपण उलटा फोन लावायचा. तो लागला नाही तर घरातल्या मोठ्या माणसाकडे पळत जायचं. मग ते माणूस वावरात का असेना."

पहिली जोडी झाली. कपाटामागून एकीने शाळेचं कार्यालय बनून आईच्या फोनचं कुलूप मागितलं. समोरच्याने काम विचारलं. तिला काम सुचेना, ती हसत बाहेर आली. दुसरी जोडी झाली. मग मागच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, आबांना घ्या ना."

वर्गात कुजबुज झाली. हेडसर म्हणाले, "अरे, मोठी माणसं आहेत."

"असू दे, असू दे," आबा उठले. "मला फसवून दाखवा. बघू कोण आहे."

कपाटामागे गेली ती रेडिओ. घोगऱ्या आवाजाची सातवीतली मुलगी, जिला वर्गात गप्प बसवणं कोणाला जमलं नव्हतं. तिने कपाटावर टकटक केलं. तीच फोनची घंटा. आबांनी हात कानाला लावला.

"हॅलो. आबा का? मी मोटारीच्या दुकानातून बोलतेय. मोटार नीट चालतेय ना?"

"चालतेय. पण मी कोड सांगणार नाही."

वर्ग हसला. आबांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"नको नको, कोड नकोच आहे," रेडिओ कपाटामागून म्हणाली. "आम्हाला इथं दिसतोय. एक-दोन-तीन-चार. तेच सांगायला फोन केला. एवढा सोपा कोड ठेवतात का, आबा? कोणीही चालू करेल. तुमच्या वयाच्या माणसांना बदलता येत नाही, ते माहीत आहे आम्हाला. माणूस पाठवू का?"

"माणूस कशाला?" आबा म्हणाले. "तो केव्हाच बदललाय. तुमच्या यादीत चुकीचा आहे. आता सहा-शून्य-दोन-नऊ आहे. आठवडाभर पाठ केलाय मी."

बोलून झाल्यावर त्यांचा हात कानाशीच राहिला.

मग बाकांवरून हसू फुटलं ते आवरेना. रेडिओ कपाटामागून डोकावून बघत होती आणि आपण काय केलं ते कळून तिचाच चेहरा उतरला होता. खार हसत नव्हती. ती उभी राहिली होती.

धाकटीने हात वर केला तसा वर्ग शांत झाला. आबांची मान सदऱ्याच्या गळ्यापाशी घामाने भिजली होती.

"हिला कोणी शिकवलं असं विचारायला?" आबांनी विचारलं.

"कोणी नाही," धाकटी म्हणाली. "तिचं तिलाच सुचलं."

आबांनी खुर्चीच्या पाठीवरून रुमाल उचलला.

"आबा, दोन शब्द," हेडसर म्हणाले.

"मला काही बोलायचं नाही."

"मग तासाचं काय करायचं?"

"शाळेचं तुम्ही बघा," आबा म्हणाले. "घरचं मी बघतो."

शाळा सुटली तेव्हा ते पुढे निघाले होते. त्यांच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर मुलांचा घोळका, आणि घोळक्यात कोणी तरी हळूच म्हणायचं, सहा-शून्य. पुढचं दोघं-तिघं पुरं करायचे, दोन-नऊ. खारीने दोनदा दगड उचलला आणि धाकटीने दोनदा तो तिच्या हातातून काढून घेतला. शेजारणीच्या दारावरून जाताना सूप थांबलं नाही. बातमी तिथवर आली नव्हती अजून.

घरी आल्यावर आबांनी सदरा बदलला. मग फोन घेऊन पायरीवर बसले आणि खारीला हाक मारली.

"बदल तो."

खारीने फोन घेतला. आबांनी तोंड अंगणाकडे फिरवलं. तिने डब्याला फोन लावला, जुना कोड दाबला, नवा दाबला, पुन्हा एकदा दाबला. मग सवयीने चिठ्ठीसाठी कागद शोधायला उठली.

"लिहू नको," आबा म्हणाले. "मला सांगूही नको. मी परत कोणाला तरी सांगून बसेन."

"मग मोटार?"

"पाणी कुठल्या पट्ट्याला आणि किती वेळ, ते मी सांगेन. चालू-बंद तू कर."

धाकटी दाराच्या आत, नांग्यांसाठी आणलेल्या रोपांचे ट्रे वेगळे करत होती. ट्रे तिच्या हातातच राहिला.

"आणि मी शाळेत असले तर?" खारीने विचारलं.

"तर काकूला सांगून ठेव कोड."

"आबा, काकूपण शाळेतच असते."

आबांनी अंगणापलीकडे, चढाच्या दिशेने पाहिलं. पट्टा इथून दिसत नव्हता.

"मग शाळा सुटल्यावर सोडू पाणी," ते म्हणाले.